चौदा पावलं

ऑक्टोबरातली दुपार. पाऊस नुकता उघडलेला, अंगणाच्या कडेचं शेवाळ अजून हिरवंगार, आणि हवेत कापणीला आलेल्या भाताचा वास. उपकेंद्रातला आरोग्यसेवक बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, मोटारसायकल लावून आला. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत लांबडी वही. आमची विहीर खाजगी असली तरी वाडीतली आठ-दहा घरं तिच्यावर पाणी भरतात, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या यादीत ती सार्वजनिक स्रोत म्हणून लागलेली आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा तिची तपासणी होते. त्यानं कठड्यावरून आत डोकावून पाहिलं, चिऱ्यांच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप हलवून पाहिलं, पायरीशी साचलेल्या पाण्यात चपलेचं टोक बुडवलं. मग नळाचं पाणी एका छोट्या काचेच्या नळीत घेतलं, बाटलीतून थेंब टाकले आणि नळी आभाळाकडे धरली. क्लोरीन असतं तर पाणी पिवळं व्हायला हवं होतं. ते होतं तसंच राहिलं. वहीत खूण करून त्यानं विचारलं, "काकी, शेजाऱ्यांच्या संडासाची टाकी खंय आसा?" काकीनं हनुवटीनंच दाखवलं. तो कठड्यापासून निघाला, दगडी गडग्याच्या खिंडीतून पलीकडे गेला आणि टाकीच्या सिमेंटच्या झाकणाशी थांबला. ओठ हलत होते, पावलं मोजत होता. चौदा. परत येऊन तेही लिहिलं. काकीनं विचारलं, "पाणी होया?" त्यानं मान डोलावली. काकीनं तांब्या भरून दिला. त्याच विहिरीचं, न उकळलेलं. तो उभ्या-उभ्या प्यायला, तोंड पुसलं, "गोड आसा" म्हणाला आणि गेला.

तो तांब्या काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

कारण त्याला माहीत होतं. पाण्यात क्लोरीन नाही, हे दोनच मिनिटांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. चौदा पावलं म्हणजे फार तर पस्तीस फूट, आणि पिण्याच्या विहिरीपासून संडासाचा खड्डा निदान पन्नास फूट लांब असावा हे तर त्याला नोकरीच्या पहिल्या प्रशिक्षणात घोकून घेतलेलं. तरी प्यायला. मला आधी हसू आलं, मग थोडा राग आला, आणि मग दोन्ही ओसरल्यावर वाटलं, त्यानं दुसरं काय करायचं होतं? तो शेजारच्या गावचा. काकीच्या माहेरच्या कुणाच्या तरी सासरचा. कोण कुणाच्या हातचं पाणी पितो यावर ज्या मुलखात पिढ्यान्पिढ्या माणसांची किंमत ठरली, तिथं समोर आलेला तांब्या परत करणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. महाडच्या तळ्यावर १९२७ साली ओंजळभर पाणी पिण्यासाठी हजारो माणसांना चालत जावं लागलं, ते महाडही कोकणातलंच. तांब्या नाकारला असता तर काकीनं 'पाणी वाईट आहे' असं ऐकलं नसतं, तिनं दुसरंच काहीतरी ऐकलं असतं. वहीत त्यानं जे लिहिलं ते सरकारसाठी, आणि जे प्यायला ते काकीसाठी. दोन्ही ठिकाणी तो प्रामाणिकच होता, असं मला आता वाटतं. पण मग त्या वहीतलं वाक्य काकीला सांगणार कोण?

विहीर आमच्या पणजोबांनी काढलेली. वरचा थर जांभ्याचा, खाली काळा कातळ लागला तिथं थांबले. लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की रहाटाच्या करकरीनं जाग यायची. दोराला कायम ओलसर, काथ्याचा असा एक वास असायचा आणि पोहरा वर येताना भिंतीला आपटून निम्मं पाणी परत खाली सांडायचं, त्याचा आवाज खालून उशिरा यायचा. मेअखेरीस विहिरीतला गाळ काढायचे. दोन गडी खाली उतरत, घमेल्यातून काळा चिखल वर येई, त्यात हरवलेली कळशी, एखादी चप्पल, कुणाचा तरी पितळी पेला. त्या दिवशी आम्हा पोरांना वाकून झरा बघायची मुभा असे. उगवतीच्या अंगाला, चिऱ्यांच्या दोन ओळींमधून, पाणी पाझरत बाहेर यायचं. आजोबा सांगायचे, आपल्या विहिरीला एकच जिवंत झरा, तो उगवतीचा. पावसाळ्यात मात्र ही सगळी खोली नाहीशी व्हायची. श्रावणात विहीर इतकी वर यायची की नुसतं वाकून कळशी बुडवता येई. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पाणी वर आलं की काकी खूश असायची, हाताला श्रम नाहीत. तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही की विहिरीतलं पाणी दोन हातांवर आलं याचा अर्थ आसपासच्या सगळ्याच जमिनीतलं पाणी दोन हातांवर आलंय.

आता रहाट नाही. अर्ध्या एचपीची मोटर आहे आणि गच्चीवर काळी टाकी. पाणी नळातून येतं. विहिरीत डोकावतं कोण? आरोग्यसेवक, वर्षातून दोनदा.

त्याच्या वहीतली प्रश्नावली मी मागे एकदा ग्रामपंचायतीत बसून वाचली होती. साधे प्रश्न असतात. स्रोताजवळ घाण साचते का, कठडा आहे का, सांडपाण्याला वाट आहे का, टीसीएलचा, म्हणजे क्लोरीनच्या ब्लीचिंग पावडरीचा, साठा आहे का, ती पाण्यात घालणारा जलसुरक्षक नेमलेला आहे का, गेल्या काळात गावात साथ आली होती का. प्रत्येकाला गुण. सगळ्या स्रोतांचे मिळून जोखमीचे टक्के काढायचे आणि त्यावर ग्रामपंचायतीला कार्ड द्यायचं. सत्तर टक्के किंवा वर जोखीम असेल तर लाल, त्याखाली पिवळं, तिसाच्या आत असेल तर हिरवं. आणि सलग पाच वर्षं हिरवं राहून साथ आली नाही तर चंदेरी. कल्पना चांगली आहे, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. लाल कार्ड मिळालेला सरपंच खरोखर धावपळ करतो, कारण तालुक्याच्या सभेत नाव वाचलं जातं. पण कार्ड मिळतं ते ग्रामपंचायतीला. आमच्या गावाला हिरवं कार्ड आहे, त्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. गावातल्या बाकीच्या विहिरी चांगल्या आहेत म्हणून सरासरीत आमची चौदा पावलं विरघळून जातात. आणि ज्या घरांच्या विहिरीवर फक्त त्यांचंच कुटुंब भरतं, अशा विहिरी कोकणात घरटी एक म्हणाव्यात इतक्या. त्यांची तर कुठल्याच यादीत गणती नाही.

टीसीएलबद्दल काकीचं मत पक्कं आहे. ग्रामपंचायतीचा शिपाई हाच जलसुरक्षक. तो पिशवी घेऊन आला की ती पडवीतूनच ओरडते, "थोडीच घाल रे!" तिचं म्हणणं, त्या पाण्याचा चहा चहासारखा लागत नाही आणि सोलकढीला तर दवाखान्याचा वास येतो. शिपाई बिचारा 'घातली' म्हणून लिहितो आणि मूठभर पावडर वरून भिरकावतो. खरी रीत वेगळी आहे आणि ती बघण्यासारखी आहे. मागे दुसऱ्या एका गावात मी एका जुन्या आरोग्य कर्मचाऱ्याला ती करताना पाहिलं होतं. त्यानं आधी दोरीनं विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मोजली. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ नं गुणायचं, की लिटर निघतात. हा ७८५ चा आकडा त्या खात्यातल्या माणसांना स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ असतो. चार मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी म्हणजे साडेसदतीस हजार लिटरच्या वर. तेवढ्याला लागणारी पावडर तागडीत तोलून त्यानं बादलीत घेतली, आधी थोड्या पाण्यात कालवली, मग बादली भरली आणि विडी ओढत बसून राहिला. चुना तळाशी बसू दिला. वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं, चुना बाहेर फेकला, आणि ती बादली विहिरीत सोडून पाण्याखाली वर-खाली, वर-खाली ढवळली. "आता तासभर कुणी भरायचं नाही," म्हणाला आणि कठड्यावर राखणीला बसला. पावडर ताजी असेल तर तिच्यात तेहेतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, पण गोणीचं तोंड उघडं राहिलं, दमट हवा लागली, की ते उडून जातं आणि उरतो तो नुसता चुना. कोकणातल्या पावसाळ्यात कुठल्या गोणीचं तोंड कोरडं राहतं!

पण क्लोरीन ही शेवटची फळी. त्याआधीची गोष्ट जमिनीत घडते, आणि तिच्याबद्दल आमच्याकडे एक गोड गैरसमज आहे. जांभा पाणी गाळून देतो, म्हणतात. जांभ्याचा चिरा हातात घेऊन बघावा. चांगल्या अनारशासारखी जाळी असते त्याला, बोटभर रुंदीच्या आरपार गेलेल्या नळ्या, त्यात पिवळट माती. संडासाची टाकी स्वतः पाणी शुद्ध करत नाही. ती फक्त निवळते. जड ते तळाशी बसतं, हलकं वर तरंगतं, आणि मधलं गढूळ पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात जातं. तिथून पुढचं काम मातीचं. कोरड्या, हवा खेळत्या, बारीक मातीतून ते पाणी हळूहळू काही फूट उतरलं तर त्यातले बहुतेक जंतू वाटेतच अडकतात, मरतात. जांभ्यात ते हळूहळू उतरत नाही, नळी सापडली की धावतं. आणि पावसाळ्यात तर उतरायला कोरडी माती उरतच नाही, कारण खड्डाच पाण्यात उभा असतो. शेजाऱ्यांच्या शोषखड्ड्यातलं पाणी आणि आमच्या विहिरीतलं पाणी श्रावणात एकाच पातळीला असतं, मधे फक्त जाळीदार दगड. उन्हाळ्यात पस्तीस फुटांना काही अर्थ असेलही. श्रावणात तो कितपत उरतो कोण जाणे. आणि जंतू मेले तरी नायट्रेट मरत नाही, ते ना माती अडवते ना क्लोरीन. लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि ते पाणी उकळत बसलं तर उलट घट्टच होतं.

शिवाय अंतराइतकीच दिशा महत्त्वाची. टाकी आहे उगवतीला. झरा उगवतीचा.

हे पणजोबांच्या पिढीला कळत होतं असं म्हणण्याचा मोह होतो, पण तो खोटा गौरव ठरेल. त्यांच्या काळी संडासच नव्हता. परसाकडे जाणं म्हणजे माडबागेपलीकडे, काजूच्या आडोशाला. पुरुषांचं ठीक होतं. आजी रात्री उठायची तेव्हा काकीला हलवून उठवायची, एकीच्या हातात कंदील, दुसरीच्या हातात काठी, डोक्यावर खोळ, वरून धो धो पाऊस आणि पायाखाली फुरसं असायची भीती. आजारी माणसाचे हाल तर विचारू नयेत. घरामागे संडास बांधला गेला तेव्हा काकीनं पहिल्या दिवशी तिथं उदबत्ती लावली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तेव्हा जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं पावसाळ्यातल्या एका रात्री कंदील घेऊन काजूखाली जाऊन यावं आणि मग बोलावं. संडास आले हे चांगलंच झालं. फक्त ते येताना खड्डा कुठं नि कसा हे गवंड्यावर सोडलं गेलं. सरकारी योजनेतला नमुना दोन उथळ खड्ड्यांचा होता. एक भरला की चेंबरमधून दुसरा चालू करायचा, आणि वर्ष-दोन वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं. पण लोकांना उथळ खड्डा म्हणजे हलकं काम वाटलं. "नातवंडांच्या हयातीत भरणार नाही" असे पंधरा-पंधरा फुटांचे खड्डे अभिमानानं खणले गेले. खड्डा जितका खोल तितका तो पाण्याच्या जवळ, हे कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

शेजाऱ्यांचा विचार केला तरी मला राग धरता येत नाही. मुलगा मुंबईत नोकरीला होता, टाळेबंदीत परत आला आणि त्यानं घराला जोडून चार खोल्या काढल्या. मालवणला येणारे पर्यटक आता आतल्या गावांतही मुक्कामाला येतात. मच्छीकढी, आंबोळी, माडाखाली खुर्च्या. कर्ज आहे, हप्ते आहेत. प्रत्येक खोलीला बाथरूम हवंच. कुटुंबापुरत्या बांधलेल्या टाकीवर दिवाळीच्या सुट्टीत वीस-वीस माणसांचा भार पडतो. टाकी पुढं घेतली असती तर गाड्या लावायला जागा उरत नव्हती. शिवाय बांधकामाच्या आधी कुणा वास्तूवाल्यानं नकाशावर जागा ठरवून दिली होती. गंमत म्हणजे बोअर मारायची असली की आपण पाणाड्याला बोलावतो, तो हातात नारळ घेऊन परसभर फिरतो आणि पाणी कुठून येतं ते सांगतो. टाकी बांधताना मात्र कुणालाच विचारावंसं वाटत नाही की इथलं पाणी जातं कुठं.

कायदा आहे की नाही, तर आहे. सार्वजनिक पाणीस्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर काढता येत नाही, हे १९९३ च्या कायद्यापासून गावोगाव लोकांना तोंडपाठ आहे. त्यावरून भांडणं होतात, अर्ज होतात, मोजणी होते. पुढे २००९ चा मोठा भूजल कायदा आला. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तर १९७२ च्या दुष्काळापासून आहे, तिची माणसं वर्षातून चारदा निरीक्षण विहिरींत फीत सोडून पातळी बघतात. म्हणजे शेजाऱ्यानं माझं पाणी ओढलं तर मी उठून तहसील गाठीन. त्यानं माझ्या पाण्यात काही सोडलं, तर मी गप्प. पाचशे मीटर मोजायला आपण तयार असतो, पन्नास फूट मोजायला लाजतो. पाणी चोरीला गेलं हे चारचौघांत म्हणता येतं. 'तुमची घाण आमच्या पाण्यात येते' हे वाक्य उच्चारलं की संडासाचा विषय घराण्यावर जातो आणि मग गणपतीत एकमेकांकडे आरतीला जाणं बंद होतं.

मी राहतो पुण्यात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे, रुग्ण निघाले तेव्हा हा सगळा विषय दारात आला. आधी जुलाब, मग पायांतली ताकद जाणं, मग काहींना व्हेंटिलेटर. बघता बघता आकडा दोनशेच्या घरात गेला. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, आणि सगळ्यांचं लक्ष गेलं ते नांदेड गावातल्या मोठ्या विहिरीकडे, जिच्यातून आसपासच्या वस्तीला पाणी जात होतं. ही गावं काही वर्षांपूर्वीच महापालिकेत आली. इमारती शहराच्या आणि पाणी अजून विहिरीचं, असा तो मधला काळ. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तेव्हा लोक एकमेकांना विचारत होते, "तुमच्याकडे पाणी कुठनं येतं?" दहा-दहा वर्षं राहणाऱ्यांना उत्तर माहीत नव्हतं. घराघरात पातेली उकळत होती, गॅसवर चहाआधी पाणी. दोन महिन्यांनी ती पातेली पुन्हा फळीवर गेली. माझ्या घरचीसुद्धा.

माझी चुलतबहीण अमेरिकेत मॅसेच्युसेट्समध्ये असते, बोस्टनपासून लांब, झाडीतल्या एका छोट्या गावात. तिच्याकडेही आमच्यासारखंच, स्वतःची विहीर आणि स्वतःची सेप्टिक टँक. तिथं गावागावाचं आरोग्य मंडळ असतं आणि विहिरी-टाक्यांचा कारभार त्याच्या हातात. टाकीतलं पाणी जिथं जमिनीत जिरवतात ते शोषक्षेत्र विहिरीपासून शंभर फूट लांब पाहिजे, आणि खड्डा घेण्याआधी जमिनीत पाणी ओतून ते किती मिनिटांत जिरतं हे मोजायचं. घर विकायचं झालं की टाकीची तपासणी झाल्याचा कागद लागतो. नापास झाली तर दुरुस्तीचा खर्च ऐकून माणसाला चक्कर यावी. मी फोनवर कौतुक केलं तर ती म्हणाली, "अरे, पण तपासतात ते विकताना. आम्ही वीस वर्षं राहिलो तर वीस वर्षं कोण बघतंय?" मला हसू आलं. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की ते विकलं जाणं या जन्मी शक्य नाही. विक्रीवर टांगलेला नियम कोकणात लावला तर एकही टाकी कधी उघडायची नाही. तिच्याकडे तपासायला येणारा माणूस परका असतो, बूट घालून येतो, पाणी मागत नाही. ते चांगलं की वाईट, माझं अजून ठरत नाही.

टाकी उपसायची म्हटली तरी प्रश्न आहेच. टँकर येतो, मोठ्ठा पाइप टाकतो, घरघर आवाज करत भरतो आणि जातो. कुठं जातो हे विचारायचं नसतं. वाई आणि सिन्नर या गावांनी हे नीट लावून घेतलंय, नगरपालिकाच ठरलेल्या पाळीनं दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या उपसते आणि मैला प्रक्रिया केंद्रात नेते. आमच्याकडे पाळीही नाही आणि केंद्रही नाही. कातळाचा उघडा सडा आहे, वाहता व्हाळ आहे आणि अंधार आहे.

दिवाळीला पुन्हा गावी गेलो तेव्हा शेजाऱ्यांची सून फराळाचं ताट घेऊन आली. हिला मी विसरलोच होतो. पाणीतपासणीसाठी प्रत्येक गावात पाच बायकांना प्रशिक्षण दिलेलं आहे, आमच्या गावच्या पाचांत ती आहे. मी काही न सुचवता तिनंच विषय काढला. "दादा, ह्या खेपेक तुमच्या बावीचा पाणी घेवचा आसा." दुसऱ्या दिवशी ती छोटी बाटली घेऊन आली, नळाचं तोंड पुसलं, पाणी थोडा वेळ सोडून दिलं, हात न लावता खुणेपर्यंत बाटली भरली आणि झाकण घट्ट केलं. ही एचटूएसची, म्हणजे हायड्रोजन सल्फाइडची, चाचणी १९८२ साली आपल्याकडेच, ग्वाल्हेरच्या लष्करी प्रयोगशाळेत निघाली. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. पाण्यात विष्ठेतले जंतू असले की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बाटलीतलं पाणी काळं होतं. तिनं बाटलीवर तारीख लिहिली आणि आमच्याच स्वयंपाकघरात, चुलीच्या वरच्या फळीवर, उबेला ठेवली. "माझ्याकडे ठेवलंय तर माणसा म्हणतील, हिनाच काय ता केल्यान," म्हणाली.

दुसऱ्या सकाळी काकीनं चहा ठेवायला पातेलं घेतलं आणि वर बघून थांबली. बाटली डांबरासारखी काळी. काकीनं ती हातात घेऊन उजेडात फिरवली, नाकाशी नेली, झाकण बंद असूनही नाक मुरडलं. "ह्या आमी पितंव?" एवढंच म्हणाली. मग गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला, परत चालू केला, कारण भांडी तर घासायची होती.

सून दुपारी आली. बाटली बघून काही बोलली नाही, पिशवीत ठेवली आणि मोबाइल काढला, निकाल ॲपवर भरायचा असतो. स्रोताचं नाव, निकाल, फोटो. भरून झाल्यावर म्हणाली, "मी ह्या भरलंय. घरात मी बोलतंय, पण माझ्या एकटीच्या बोलण्यान टाकी हलाची नाय. तुमी लेखी द्या." तिच्या नवऱ्याला मी भेटलो. त्यानं आधी आमच्या संडासाचा खड्डा दाखवायला लावला, खालच्या वाडीची विहीर तिथून किती लांब आहे ते विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. मग तो जरा निवळला. टाकी पलीकडे, मावळतीच्या अंगाला घ्यायची तर जेसीबी आणावा लागेल, दोन माड जातील, खर्च निम्मा-निम्मा करणार का, म्हणाला. मी विचार करतो म्हटलं. काकीनं आतून मला खूण केली, त्या खुणेचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

तूर्त आम्ही पाणी उकळून पितो. काकीला त्याची चव लागत नाही. ग्रामसेवकाला विचारलं तर म्हणाले, अर्ज आणून द्या, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ऐनवेळच्या विषयांत घेतो. अर्ज मी लिहून ठेवला आहे, कुणाचं नाव न घेता, 'वाडीतील पाणवठ्याच्या परिसरातील खड्ड्यांची अंतरे मोजून मिळणेबाबत' असा. खालच्या वाडीच्या विहिरीचंही त्यात घातलं आहे. सही कुणाची करायची हे अजून ठरत नाही. मी गावचा मतदार नाही. काकी म्हणते, "माझी नको रे. आमका हयसरच रवाचा आसा." सून म्हणते, पहिली सही काकीची झाली तर दुसरी मी करते.